मांड आणि चढाई

आंद्रे वायदाचा 'पोपिओवी' हा चित्रपट पावणेचार तासांच्या आसपास आहे, कृष्णधवल आहे आणि १९६५ सालचा आहे. या तीन गोष्टी ऐकूनच बरेच जण तो पुढच्या सुट्टीवर ढकलतात. मीही कितीतरी वर्षं ढकलला होता. वायदा म्हटलं की फिल्म सोसायट्यांमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला 'अ‍ॅशेस अँड डायमंड्स' आठवतो, 'मॅन ऑफ मार्बल' आठवतो, फार तर शेवटच्या काळातला 'कातिन' आठवतो. 'पोपिओवी' म्हणजे नुसतीच राख, हिऱ्यांशिवायची. म्हणूनही असेल, पण त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

या चित्रपटात सोमोसिएराची चढाई आहे. स्पेनमधल्या त्या खिंडीत ३० नोव्हेंबर १८०८ रोजी नेपोलियनच्या सैन्यातले पोलिश घोडेस्वार चढावर असलेल्या तोफांवर तुटून पडले. पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मीही सगळ्यांसारखी ती चढाईच पाहिली. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र पडद्यावर न दिसणारा एक माणूस डोक्यात होता. त्याचं नाव आदाम क्रुलिक्येविच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घोड्यावरून अडथळे पार करण्याच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा, पोलंडला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा स्वार. सत्तरीला टेकलेला असताना तो या चित्रपटाच्या घोडदळाच्या दृश्यांसाठी मदतीला गेला होता. चित्रीकरणाच्या वेळी घोड्यावरून पडला, त्यातून सावरला नाही आणि ४ मे १९६६ रोजी वारला.

ही माहिती चरित्रकोशात एका ओळीत येते आणि संपते. मला मात्र ती चित्रपटापासून वेगळी काढता येईना. कारण 'पोपिओवी' हा चढायांच्या वेडावर टीका करणारा चित्रपट आहे. शौर्याच्या नावाखाली माणसं कशी वाया जातात हे तो चार तास सांगतो. ते सांगण्यासाठी त्याला एक खरीखुरी चढाई उभी करावी लागली, आणि त्याची किंमत अशा माणसाने मोजली ज्याने आयुष्यभर चढाईच्या नेमकी उलट गोष्ट शिकवली होती. ती उलट गोष्ट कोणती, हे कळल्याशिवाय चित्रपटाचं यशापयशही नीट कळत नाही, असं मला वाटतं.

क्रुलिक्येविचचा जन्म डिसेंबर १८९४ मधला, ल्वूफ शहरातला. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देश नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी तो आपसात वाटून घेतला होता आणि ल्वूफ ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलं होतं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा विशीतले अनेक पोलिश तरुण पिल्सुद्स्कीच्या लीजनमध्ये गेले, त्यात हाही होता, आणि गेला तो घोडदळात. १९१८ साली, १२३ वर्षांनी, पोलंड पुन्हा देश झाला. लगेच रशियातल्या बोल्शेविकांशी युद्ध झालं. त्या युद्धात १९२० साली घोडदळाच्या खऱ्या, मोठ्या लढाया झाल्या. म्हणजे चढाई काय असते हे या माणसाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

नव्या देशाला सगळंच नव्याने उभं करायचं होतं. फौज होती, पण ती तीन फौजांचे तुकडे जोडून बनलेली. कोणी रशियाच्या झारच्या घोडदळात शिकलेला, कोणी ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या. कारोल रुम्मेल हा क्रुलिक्येविचचा सहकारी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाकडून उतरला होता. तादेऊश कोमोरोव्स्की ऑस्ट्रियाच्या फौजेतून आलेला. (जर्मन सेनापती रोमेलशी या रुम्मेलचा काही संबंध नाही, मराठीत लिहिताना मात्र घोटाळा होऊ शकतो.) हे सगळे एका संघात आले तेव्हा भाषा एक होती, पण घोड्यावर बसायच्या तऱ्हा वेगवेगळ्या होत्या. या तऱ्हेलाच आपल्याकडे मांड म्हणतात.

मांड हा शब्द आपण आता बहुतेक वाक्प्रचारातच वापरतो. पण घोडेस्वारीत मांड म्हणजे सगळं काही. स्वाराचं वजन कुठे आहे, गुडघे कुठे टेकलेत, टाच कशी आहे, लगाम धरलेला हात घोड्याच्या तोंडाला काय सांगतो आहे, हे सगळं मांडीत येतं. एकोणिसाव्या शतकातला लष्करी स्वार उडी मारताना मागे रेलायचा आणि लगाम खेचायचा. त्याला वाटायचं, आपण घोड्याला पुढून उचलून धरतो आहोत. प्रत्यक्षात घोड्याच्या तोंडाला हिसका बसायचा आणि सगळं ओझं कमरेवर यायचं. घोडा उडी मारायचा तो स्वारामुळे नव्हे, स्वार असूनही.

इटलीचा फेडेरिको काप्रिल्ली हा घोडदळातला अधिकारी. त्याने शतकाच्या वळणावर हे उलटं केलं. उडीच्या वेळी स्वाराने पुढे झुकावं, खोगिरावरून वजन उचलावं, हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ द्यावेत आणि घोड्याला त्याचं शरीर त्याच्या पद्धतीने वापरू द्यावं. आज जगात कुठेही अडथळ्यांवरच्या उड्या पाहिल्या तरी स्वार असाच दिसतो, त्यामुळे यात काही क्रांती होती हे लक्षातही येत नाही. पण ती क्रांती होती. हुकूम देणाऱ्याने हुकूम कमी करायचा, हे लष्कराला शिकवणं सोपं नसतं. पोलंडच्या घोडदळाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात ही पद्धत उचलली. ग्रुजोंट्सच्या घोडदळ प्रशिक्षण केंद्रात ती शिकवली गेली. क्रुलिक्येविच तिथे शिक्षक होता. पुढे त्याने मोकळ्या रानात आणि उडीत घोडा व स्वार यांचं नातं कसं असावं, यावर पुस्तकही लिहिलं.

आता पॅरिस. २७ जुलै १९२४, ऑलिंपिकचा शेवटचा दिवस, कोलोंबचं स्टेडियम. त्याच्या घोड्याचं नाव पिकादोर. अडथळ्यांच्या स्पर्धेचा हिशेब उलटा असतो. कोण किती उंच उडाला, कोणी किती मिळवलं, हे मोजत नाहीत. कोणाच्या किती चुका झाल्या ते मोजतात. दांडा पडला, चूक. घोडा अडला, चूक. वेळ जास्त लागला, चूक. स्वित्झर्लंडच्या अल्फोन्स गेमुझॉयसच्या ६ चुका झाल्या आणि तो पहिला आला. इटलीच्या तोमासो लेक्विओच्या ८.७५. क्रुलिक्येविच आणि पिकादोरच्या १०. कांस्य. त्याच दिवशी पोलंडच्या सायकलपटूंच्या चमूनेही रौप्य मिळवलं, त्यामुळे पहिल्या पदकांचा मान दोघांत वाटला गेला. पहिलं सुवर्ण यायला आणखी चार वर्षं जायची होती. ते थाळीफेकीत हालिना कोनोपात्स्काने मिळवलं.

दहा चुका करून तिसरा आलेला माणूस. राष्ट्रीय वीराच्या कथेला हे तसं अडचणीचंच वाक्य आहे. मला ते फार आवडतं. ज्या खेळात चांगलं असणं म्हणजे कमी चुकणं, त्यात घाई, आवेश, 'होऊ दे काय व्हायचं ते' ही वृत्ती कामाची नसते. स्वार प्रत्येक अडथळ्याआधी घोड्याची पावलं मोजतो, लांबवतो, आखडतो आणि मग मध्ये न पडण्याचं कसब दाखवतो. वर्षानुवर्षं पहाटे उठून, खरारा करून, दुडक्या चालीने गोल गोल फिरून हे कमवावं लागतं. त्यातलं काहीही चित्रात उतरत नाही.

चित्रात उतरते ती चढाई. पोलिश चित्रकला सोमोसिएराने भरलेली आहे. सव्वाशेच्या आसपास स्वार, चढावर एकामागून एक लावलेल्या सोळा तोफा, आठ-दहा मिनिटांचा खेळ, पुढे माद्रिदचा रस्ता मोकळा. यान कोझेतुल्स्की त्यांचा नायक. त्या राष्ट्राला स्वतःचा देश नव्हता, पण ही आठ मिनिटं होती. पुढची शंभर वर्षं ती त्यांनी जपली.

क्रुलिक्येविचच्या पिढीतल्या स्वारांचं पुढे काय झालं, आणि त्यांना कशासाठी आठवलं जातं, हेही पाहण्यासारखं आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पोलंडला अडथळ्यांच्या सांघिक स्पर्धेत रौप्य आणि तीन दिवसांच्या सांघिक स्पर्धेत कांस्य मिळालं. रुम्मेल कांस्याच्या चमूत होता. तो नंतर नाझी छळछावणीतून जिवंत बाहेर आला आणि पुन्हा नव्या स्वारांना शिकवू लागला. ॲमस्टरडॅमच्या चमूत राखीव म्हणून गेलेला हेन्रिक दोब्झान्स्की. १९३९ च्या पराभवानंतर त्याने गणवेश उतरवायला नकार दिला, 'हुबाल' या नावाने जंगलातून लढत राहिला आणि ३० एप्रिल १९४० रोजी मारला गेला. त्याच्यावर १९७३ साली चित्रपट निघाला, पोलंडमध्ये मुलंही त्याला ओळखतात. कोमोरोव्स्की १९२४ ला पॅरिसमध्ये होता, १९३६ ला बर्लिनमध्ये रौप्य मिळवणाऱ्या चमूचा प्रमुख होता. जग त्याला ओळखतं ते १९४४ च्या वॉर्सा उठावाचा सेनापती 'बूर' म्हणून. युद्धानंतर तो इंग्लंडमध्ये निर्वासितांच्या पोलिश सरकारचा पंतप्रधान झाला आणि पोट भरण्यासाठी सोफे-खुर्च्यांना गाद्या बसवण्याचं काम करत राहिला. तोही १९६६ सालीच गेला, परदेशातच.

या चौघांपैकी उठाव किंवा बंड नावावर नसलेले दोघे, रुम्मेल आणि क्रुलिक्येविच, शिक्षक होते. घोड्यांच्या जगाबाहेर त्यांची नावं फारशी कोणाला ठाऊक नाहीत. राष्ट्राची आठवण कोणाला जवळ करते याचं हे साधं उदाहरण.

चढाईच्या या प्रतिमेने पोलंडचं नुकसानही केलं. १ सप्टेंबर १९३९, युद्धाचा पहिला दिवस. क्रोयांती गावाजवळ पोलिश उलानांच्या, म्हणजे भालाईत परंपरेतल्या घोडदळाच्या, एका रेजिमेंटने जर्मन पायदळावर हल्ला केला. सुरुवातीला तो यशस्वीही झाला, पण चिलखती गाड्यांच्या मशीनगनांपुढे स्वार कापले गेले. नंतर तिथे आणलेल्या पत्रकारांना मेलेली माणसं आणि घोडे दाखवून सांगण्यात आलं की हे वेडे रणगाड्यांवर भाले घेऊन धावले. त्यातून एक दंतकथा तयार झाली आणि ती आजही ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की पोलिश घोडदळ घोड्यावरून पोचायचं आणि उतरून लढायचं, त्यांच्याकडे रणगाडाविरोधी तोफा होत्या. त्याच दिवशी मोक्रा इथे एका घोडदळ ब्रिगेडने जर्मन रणगाड्यांच्या डिव्हिजनला दिवसभर रोखून धरलं. पण ते चित्रात उतरत नाही. खंदकात पडून नेम धरणारा स्वार कोणाला हवा आहे?

गंमत अशी की शत्रूने रचलेली ही दंतकथा पोलिश लोकांनीही पुरती टाकली नाही. वेडेपणा म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांना आतून थोडी शौर्याचीही वाटत होती. वायदाच्या १९५९ च्या 'लोत्ना'मध्ये हे उघड दिसतं. लोत्ना ही एक सुंदर घोडी. ती एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ज्याच्याकडे जाते तो मरतो. त्या चित्रपटात एक उलान तलवारीने रणगाड्याच्या नळीवर वार करतो. वायदा सुवाऊकी या घोडदळाच्या छावणीच्या गावात जन्मला होता, त्याचे वडील पायदळात अधिकारी होते आणि १९४० च्या कातिन हत्याकांडात मारले गेले होते. त्या जगाचा निरोप घेणारा चित्रपट त्याला करायचा होता. पण निरोप घेता घेता त्याने जर्मन प्रचाराचंच चित्र रंगवून दिलं. 'लोत्ना' जमला नाही हे वायदानेही पुढे मान्य केलं.

'पोपिओवी' म्हणजे या चुकीचं प्रायश्चित्त, अशा नजरेने मी तो पाहतो. स्तेफान झेरोम्स्कीच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबरीवर तो आधारलेला. नायक राफाऊ हा तरुण दानिएल ओल्ब्रिख्स्की, डोळ्यांत नुसती आग. त्याच्या आजूबाजूचे पोलिश तरुण नेपोलियनच्या मागे जातात, कारण तो आपला देश परत मिळवून देईल अशी त्यांना आशा आहे. नेपोलियन त्यांना स्पेनमध्ये पाठवतो. म्हणजे स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी निघालेली माणसं दुसऱ्यांचं स्वातंत्र्य चिरडायला जातात. सारागोसाच्या वेढ्यातली लूट, मठांवरचे अत्याचार, हे वायदा झाकत नाही. येर्झी लिपमनचा कॅमेरा रुंद पडदा माणसांनी, धुराने, चिखलाने भरतो, आणि त्या गर्दीत नायक वारंवार हरवतो.

सोमोसिएराही अशीच येते. चित्रांमधली ती झळाळी नाही. अरुंद खिंड, धूळ, कोसळणारे घोडे, त्यांच्याखाली सापडणारी माणसं. पोलंडमध्ये यावर मोठा गदारोळ झाला. राष्ट्राच्या पवित्र गोष्टीची वायदाने विटंबना केली, असे आरोप वर्तमानपत्रांतून झाले. दुसरीकडे, अखेर कोणीतरी खरं बोललं म्हणून त्याची बाजू घेणारेही होते. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. पराक्रमाचा आदर करण्यासाठी त्याचा उद्देश विचारणं थांबवावं लागत नाही. उलट जो विचारतो तोच मेलेल्यांना गांभीर्याने घेतो. 'पोपिओवी' हा प्रश्न चुकवत नाही, आणि म्हणून पसरट, तुटक, मध्येच कंटाळवाणा असूनही तो मोठा चित्रपट आहे.

पण इथेच माझी तक्रारही आहे. चढाई वाया गेली असं दाखवताना वायदाचा कॅमेरा चढाईच्याच प्रेमात आहे. धूळ सुंदर आहे, पडणंही सुंदर आहे. दरीत कोसळणाऱ्या घोड्याचं जे दृश्य चित्रपटात आहे ते खऱ्या घोड्यावर चित्रित केलेलं, आणि त्यावरून तेव्हाही टीका झाली. माणसं निष्कारण वापरून फेकली गेली, असं म्हणणाऱ्या चित्रपटाने एक घोडा वापरून फेकला. त्या घोड्याच्या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर नाही, कारण घोडा हा वायदासाठी आधीपासूनच प्रतीक आहे. 'लोत्ना'मध्ये तो जुन्या पोलंडचं प्रतीक होता, इथे वाया गेलेल्या तारुण्याचं. प्रतीकाला पाय मोडल्याची वेदना होत नाही.

क्रुलिक्येविचसाठी घोडा कधीच प्रतीक नव्हता. तो पिकादोर होता, त्याला एक विशिष्ट तोंड होतं, चाल होती, भीती होती. म्हणून सत्तरीतला हा माणूस त्या चित्रीकरणावर आहे हे समजल्यावर दृश्याचं वजन बदलतं. पोलंडमध्ये तेव्हा शेकडो माणसांना आणि घोड्यांना एका खिंडीतून असं पळवण्याचं ज्ञान कोणाकडे उरलं होतं? त्या जुन्या घोडदळातल्या म्हाताऱ्यांकडेच. चढाईची खोटी दंतकथा मोडायची तर खरी मांड माहीत असलेला माणूसच लागणार. तो आला, आणि पडला. मे १९६६ मध्ये 'पोपिओवी' कानच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्याच महिन्यात क्रुलिक्येविच गेला.

यात वायदाला आरोपी करण्याचा माझा हेतू नाही. घोड्यावर बसणारा माणूस पडतो. काप्रिल्लीही १९०७ साली घोड्यावरून पडूनच मेला, तोही कुठल्या युद्धात नव्हे. आणि क्रुलिक्येविचला कोणी ओढून नेलं नव्हतं. उलट चढाईच्या भाषेपासून तोही सुटलेला नव्हता. १९६४ साली त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं, त्याचं नाव 'ओलिंपीस्का शार्झा', ऑलिंपिक चढाई. चुका मोजणाऱ्या, श्वास रोखून पावलं आखडणाऱ्या त्या स्पर्धेला तो स्वतः चढाई म्हणतो! पोलिशमध्ये 'शार्झा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, घोडदळाची चढाई आणि लष्करातला हुद्दा. त्यामुळे शीर्षकात थोडी गंमतही असेल. पण मला त्यात हतबलता जास्त दिसते. वाचकांनी पुस्तक हातात घ्यायला हवं असेल तर हाच शब्द लागतो, हे त्याला माहीत होतं. 'मांड' नावाचं पुस्तक कोण विकत घेणार?

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या, घरापासून लांब राहणाऱ्या वाचकांना जवळची वाटेल. क्रुलिक्येविचने देश सोडला नाही. पण त्याचं जन्मगाव ल्वूफ युद्धानंतर सोव्हिएत संघात गेलं, आज ते युक्रेनमधलं ल्विव आहे. सीमारेषा हलली आणि जन्मगाव परदेश झालं. त्याच्यासारख्या लाखो पोलिश लोकांचं असं झालं. त्या पूर्व भागातून १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हाकललेली काही कुटुंबं इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोचली. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलं जास्त, कारण पुरुष फौजेत होते. त्यातल्या पुष्कळांना परत जायला गावच उरलं नाही. ती मग इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला पांगली. कोल्हापूरच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती पोलंडची माणसं अजून येतात.

आणि कोल्हापूरचं नाव निघालं की आपल्याला नेसरीही आठवणारच. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार १६७४ साली बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि तिच्या गाण्याने ते सात जण आपल्या मनात कायमचे दौडत ठेवले. ते गाणं ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, ते खोटं कशाला सांगू. पण त्या चढाईने मराठ्यांनी एक सरनौबत गमावला, आणि शिवाजी महाराजांची युद्धनीती मुळात माणूस वाचवून लढण्याची होती, हे त्या काट्याखाली दबतं. मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं ते पागांवर, घोड्यांच्या चाऱ्या-पाण्याच्या काटेकोर व्यवस्थेवर, लांब पल्ल्याच्या शिस्तबद्ध मजलांवर. आपल्या हल्लीच्या ऐतिहासिक चित्रपटांत ते कुठे दिसतं? तिथे घोडा संथ गतीत आयाळ उडवतो, आणि त्याचं काम संपतं. 'पोपिओवी'सारखा, स्वतःच्या सर्वांत लाडक्या चढाईला 'कशासाठी?' असं विचारणारा एकही चित्रपट आपल्याकडे झालेला मला आठवत नाही. वायदाबद्दलची माझी तक्रार मी आधी मांडली, पण तो निदान विचारण्यापर्यंत पोचला होता, हे मान्य करायलाच हवं.

त्याच्याही पुढे जाणारा चित्रपट कसा असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो. त्यात कदाचित एकच माणूस असेल आणि एकच घोडा. १९२४ चा उन्हाळा, गच्च भरलेलं स्टेडियम, समोर अडथळा. कॅमेरा स्वाराच्या हातांवर. घोडा उठतो त्या क्षणी ते हात लगाम खेचत नाहीत, मानेबरोबर पुढे जातात. एवढंच. सहा वर्षांच्या नव्या देशाचा माणूस जगापुढे आलेला असताना त्याने केलेलं सर्वांत अवघड काम म्हणजे घोड्याच्या आड न येणं. त्यात दहा चुका झाल्या, त्याही दाखवाव्यात.

'पोपिओवी' पाहाच, पावणेचार तास काढून, हवं तर दोन बैठकीत. सोमोसिएराची खिंड आली की धुळीकडे आणि तलवारींकडे डोळे जातीलच. पण एकदा स्वारांच्या मांडीकडेही पाहा. कोण घोड्याबरोबर जातो आहे आणि कोण त्याला नुसता पळवतो आहे, ते दिसेल. त्या दृश्यासाठी मदत करणाऱ्या म्हाताऱ्याने आयुष्यभर एवढाच फरक शिकवला होता.